फ्रिजखाली पाणी साचतंय? डिफ्रॉस्टच्या पाण्याबाबत या चुका टाळा

फ्रिजखाली पाणी दिसलं की पहिला अंदाज बहुतेक वेळा एकच असतो: गॅस लीक झाला. पण फ्रिजमधला गॅस गळला तर तो हवेत निघून जातो, फरशी ओली करत नाही. गॅस गेल्याची खूण वेगळी असते. थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो. कूलिंग व्यवस्थित आहे आणि खाली पाणी आहे, तर ते पाणी बहुधा डिफ्रॉस्टचं, म्हणजे आतला बर्फ वितळून झालेलं, असतं. ते ज्या वाटेनं जायला हवं त्या वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. कुठे अडलं ते शोधायच्या आधीच लोक दुरुस्तीला हात घालतात, आणि साध्या तुंबलेल्या भोकाचं मोठं काम होऊन बसतं.

म्हणून आधी ही वाट नीट समजून घ्या. पाणी मुळात दारातून येतं. हवा ३० अंश सेल्सिअसला आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे २० अंशांच्या हवेत एक ग्रॅमसुद्धा मावत नाही. दार उघडलं की आतली थंड, जड हवा खालून बाहेर पडते आणि तिच्या जागी वरून दमट हवा आत शिरते. २०० लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा अशी एकदा बदलली तर जवळपास पाच ग्रॅम पाणी आत येतं. दर वेळी सगळी हवा बदलत नाही हे खरं, पण उघडी भांडी, ओल्या भाज्या आणि कोमट असतानाच आत ठेवलेलं अन्न त्यात भर घालतच असतं.

ही वाफ आतल्या सगळ्यात थंड जागेवर, म्हणजे कूलिंग कॉइलवर, बर्फ होऊन बसते. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजमध्ये कॉइलजवळ हीटर असतो. जुन्या टायमरवाल्या मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की तो थांबतो आणि हीटर चालू होतो. नव्या मॉडेलमध्ये हा निर्णय इलेक्ट्रॉनिक कार्ड घेतं. बर्फ वितळून पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, पन्हाळीतल्या भोकातून नळीत उतरतं आणि पाठीमागे कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या शेजारी बसवलेल्या ट्रेमध्ये जमा होतं. तिथे कॉम्प्रेसरच्या आणि कंडेन्सरच्या (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या) उष्णतेनं त्याची वाफ होते आणि ती पुन्हा खोलीत जाते. मधूनच आतून चर्र असा आवाज आला तर घाबरू नका. वितळलेले थेंब गरम हीटरवर पडल्याचा तो आवाज असतो.

पाणी कुठे आहे हे न पाहता दुरुस्ती सुरू करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण पाण्याची जागाच बिघाड सांगते.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर फ्रिजच्या कप्प्याचं ड्रेन होल तुंबलं आहे. फ्रॉस्ट-फ्रीच्या फ्रीझरमध्ये तळाला गुळगुळीत बर्फाची लादी तयार होत असेल तर फ्रीझरचा ड्रेन गोठला आहे. आतून सगळं कोरडं आणि पाणी फक्त मागच्या बाजूला, तर नळी ट्रेवरून सरकली आहे, ट्रेला तडा गेला आहे किंवा ट्रे भरून वाहतो आहे. बाहेरच्या पत्र्यावर किंवा दाराच्या कडेला थेंब दिसत असतील तर त्याचा ड्रेनशी संबंध नाही. ते दमट हवेतलं दव आहे, फार तर दाराचं रबर तपासा. आणि फ्रिजला पाण्याची लाइन जोडलेली असेल, म्हणजे आइस मेकर किंवा नळ असेल, तर आधी त्या लाइनचा कॉक बंद करून एक दिवस थांबा. गळती थांबली तर डिफ्रॉस्टला दोष देण्यात अर्थ नाही.

एक साधी चाचणी बरंच सांगून जाते. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं भोक शोधा. त्यात अर्धा कप कोमट पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या कुणाला तरी मागे टॉर्च धरून उभं करा. पाणी भोकातच उभं राहिलं तर नळी तुंबली आहे. पाणी सरळ ट्रेमध्ये पडलं तर वरची वाट मोकळी आहे, पुढे ट्रेकडे बघा. पाणी गेलं पण ट्रेमध्ये आलंच नाही, तर नळी मध्येच निसटली आहे. ट्रेखाली कोरडा टिश्यू पेपर पसरून ठेवला की बारीक तडासुद्धा तासाभरात सापडते. बहुतेक फ्रॉस्ट-फ्री मॉडेलमध्ये फ्रीझरचं भोक मागच्या पॅनलच्या आड असतं, तिथे ही चाचणी घरी जमणार नाही.

टोकदार वस्तू, उकळतं पाणी आणि ॲसिड

तुंबलेल्या भोकात स्क्रूड्रायव्हर, विणकामाची सुई किंवा जाड तार घालू नका. आतली प्लास्टिकची नळी फाटली तर पाणी फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये मुरतं, आणि ओला झालेला फोम पुन्हा कोरडा करणं जवळजवळ अशक्य असतं. सिंगल-डोअर फ्रिजच्या फ्रीझरमधला बर्फ सुरीनं खरवडणं तर त्याहून वाईट. तिथे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा हीच कॉइल असते. सुरीचं टोक गेलं की गॅस बाहेर, आणि फ्रिज बहुतेक वेळा कायमचा निकामी. आजकालच्या पुष्कळ घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वलनशील आहे. चुकून पत्रा फुटून सुस्स आवाज आलाच, तर जवळची कोणतीही बटणं दाबू नका, ज्योत पेटवू नका, आधी दारं-खिडक्या उघडा.

उकळतं पाणी ओतल्यानं प्लास्टिक वाकतं, शिवाय मागचा ट्रे लहान असतो. तांब्याभर पाणी ओतलं तर ते ट्रेमधून उतू जाऊन कॉम्प्रेसरच्या वायरिंगवर पडू शकतं. मीठ, ब्लीच, टॉयलेट क्लीनर यांचा मोह तर अजिबात नको. बऱ्याच मॉडेलमध्ये कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम तांब्याची नळी पाणी लवकर उडावं म्हणून ट्रेमधूनच फिरवलेली असते. वरून ओतलेलं मीठ किंवा क्लोरीन शेवटी त्या नळीवर जाऊन बसतं आणि तिला खातं.

काम करायचं ते असं: प्लग काढा, सुईविना मोठी सिरिंज घ्या आणि कोमट पाणी थोडं थोडं दाबानं सोडा. चिकट शेवाळासारखा थर असेल तर त्याच पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळा. अडथळा हट्टी असेल तर मऊ, लवचिक प्लास्टिकची नळी हलक्या हातानं फिरवा. काही मॉडेलमध्ये भोकातच छोटी प्लास्टिकची दांडी दिलेली असते, ती नेमकी यासाठीच. कचरा समजून ती फेकून देऊ नका.

बर्फ काढला, पण ड्रेन का गोठला ते पाहिलं नाही

या मुद्द्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण "साफ केलं आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच" ही तक्रार इथूनच येते.

फ्रीझरचं भोक शून्याखालच्या तापमानात असतं, त्यामुळे पडणारं पाणी तिथे गोठू नये याची सोय कंपनीनं करून ठेवलेली असते. पुष्कळ मॉडेलमध्ये डिफ्रॉस्ट हीटरला एक लहान धातूची पट्टी अडकवलेली असते. तिचं टोक भोकात उतरतं आणि हीटरची थोडी ऊब तिथपर्यंत पोचवतं. दुरुस्तीत हीटर बदलताना ही पट्टी काढली जाते आणि परत बसवायची राहून जाते, किंवा वाकून भोकाबाहेर येते. मग हीटर चालतो, कॉइलवरचा बर्फ वितळतो, आणि सगळं पाणी भोकाच्या तोंडाशीच गोठतं. पॅनल उघडलंच आहे तर पट्टी जागेवर आहे का ते आधी पाहा.

दुसरं कारण नळीच्या खालच्या टोकाला सापडतं. तिथे वाकडा ट्रॅप (थोडं पाणी धरून ठेवणारा नळीचा वळसा) किंवा बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असतो. पाणी खाली जावं पण मागची गरम दमट हवा वर येऊ नये, यासाठी तो असतो. तो निघून गेला तर नळीतून दमट हवा सतत फ्रीझरमध्ये शिरते आणि भोकाभोवतीच बर्फ धरते. उलट त्याच रबराच्या चोचीत धूळ आणि चिकटा साचला तर चोच उघडत नाही, पाणी नळीत उभं राहतं आणि वरपर्यंत गोठत जातं. पाणी लवकर जावं म्हणून काही जण ही चोच कापून टाकतात. तसं करू नका. ती काढा, साबणाच्या पाण्यात धुवा, बोटांनी दाबून उघडते का पाहा आणि परत बसवा.

तिसरं कारण दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. एखाद्या जागी ती सहज सुटत असेल तर तिथून दिवसरात्र दमट हवा आत येते आहे. ड्रेन कितीही साफ केलात तरी पाण्याचं प्रमाण कमी होणार नाही.

आणि कॉइलवरचा बर्फच वितळत नसेल, मागची भिंत पांढरीशुभ्र होऊन फ्रिजचा खालचा कप्पा गरम पडत असेल, तर दोष हीटर, बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच), टायमर किंवा कार्डमध्ये आहे. ते मीटर लावून तपासायचं काम आहे, मेकॅनिकला बोलवा.

मागचा ट्रे विसरणं

ट्रेमध्ये थोडं पाणी असणं बिघाड नाही. पण हवा फार दमट असताना बाष्पीभवन मंदावतं, त्याच वेळी दारातून आत येणारं पाणी मात्र वाढलेलं असतं. ट्रे भरतो तो याच दिवसांत. त्यात फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला किंवा कंडेन्सरवर धुळीची गादी बसली असेल तर हवाच खेळत नाही. २०० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ४९० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे ०.१४ युनिट विजेइतकी. ती वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट मिळते, पण ओलसर झालेली हवा तिथून हलली तरच. मागे किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढी सोडा.

ट्रेचा दुसरा धोका आरोग्याचा आहे. डेंगी पसरवणारा एडीस इजिप्ती डास घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि फ्रिजचा ट्रे ही त्याची नेहमीची जागा आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे साथीच्या दिवसांत ट्रे आठवड्यातून एकदा तरी रिकामा झालाच पाहिजे. नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या रेषेवर ट्रेच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही अनेक महिने टिकतात. ब्रशनं कडा घासा.

ट्रे ओढण्याआधी प्लग काढा आणि कॉम्प्रेसर निवू द्या. काही ट्रे सरकून बाहेर येतात, काही क्लिपनं किंवा स्क्रूनं कॉम्प्रेसरवर पक्के बसवलेले असतात. पक्का ट्रे ताकद लावून उपटला तर त्याखालची गॅसची नळी वाकते. असा ट्रे जागेवरच स्पंजनं टिपून घ्या. आणि ट्रे काढून टाकून नळी थेट बादलीत सोडायची युक्ती करू नका. बादली भरते, आणि डासांना आणखी मोठी जागा मिळते.

फ्रिज बंद करताना घाई

घर बदलताना किंवा लांबच्या प्रवासाला निघताना प्लग काढला की कॉइलवरचा सगळा बर्फ एकदम वितळतो. ट्रे एका वेळच्या डिफ्रॉस्टपुरता असतो, एवढं पाणी तो घेत नाही. फ्रिज हलवायच्या आदल्या दिवशी बंद करा, आत जुने टॉवेल पसरा, ट्रे दोन-तीनदा पुसून घ्या आणि दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. भरलेला ट्रे तसाच ठेवून फ्रिज आडवा केला तर पाणी वायरिंगमध्ये जातं.

सिंगल-डोअर फ्रिजमध्ये बर्फ सुमारे पाच मिलिमीटर झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा. त्याआधी फ्रीझरखालचा ट्रे रिकामा करा आणि पाणी जमलं की लगेच ओतून टाका. तो विसरला तर कॉम्प्रेसर पुन्हा चालू झाल्यावर त्याच पाण्याचा दगड होतो.

दुकानातले फ्रीझर आणि कोल्ड रूम

मोठ्या डिस्प्ले फ्रीझरमध्ये कंडेन्सरची उष्णता पुरत नाही, म्हणून ट्रेमध्ये वेगळा हीटर असतो आणि पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट त्याला चालू-बंद करतो. फ्लोट चिकट्यात अडकला तर एक तर ट्रे उतू जातो, नाहीतर हीटर कोरडाच तापत राहतो. डिफ्रॉस्टचं पाणी क्षारविरहित असतं, त्यामुळे हीटरवर पांढरा थर दिसला तर कॅबिनेट धुताना नळाचं पाणी ट्रेमध्ये सोडलं जातंय हे ओळखा.

कोल्ड रूममध्ये चूक होते ती ट्रॅपच्या जागेची. शून्याखालच्या खोलीत ट्रॅप आत बसवला तर त्यात उभं राहणारं पाणी गोठणारच. ट्रॅप उबदार बाजूला, भिंतीबाहेर हवा. आतल्या नळीला पुरेसा उतार आणि हीटर केबल हवी. एकाहून जास्त कूलिंग युनिट एकाच ड्रेन लाइनला जोडत असाल तर प्रत्येकाला स्वतःचा ट्रॅप द्या, नाहीतर एका युनिटचा पंखा दुसऱ्याच्या नळीतून हवा खेचतो आणि पाणी खाली उतरतच नाही. फार दिवस डिफ्रॉस्टचं पाणी आलं नसेल तर ट्रॅप सुकतो आणि बाहेरची दमट हवा थेट आत जाते. त्यामुळे खोली बऱ्याच दिवसांनी पुन्हा सुरू करताना ट्रॅपमध्ये आधी हातानं पाणी भरा.