तिवरांची लागवड टिकेल का? भरती-ओहोटीच्या मॉडेलवर तपासण्याची रीत

बडोद्याहून जंबुसरमार्गे कावी-कंबोईला जाणाऱ्यांना भरतीत बुडणारे स्तंभेश्वराचे मंदिर परिचित असते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक काही ठिकाणी १० मीटरहून अधिक असतो आणि पाणी गाळाने गढूळ असते. अशा किनाऱ्यावरील तिवरांच्या (खारफुटीच्या) लागवडीचे मूल्यमापन केवळ जगलेली रोपे मोजून होत नाही. त्या जागी पाणी कसे ये-जा करते हे कळले, तरच पुढच्या वर्षांविषयी काही सांगता येते. संगणकीय सिम्युलेशनचा, म्हणजे पाण्याच्या हालचालीचे संगणकावर उभे केलेल्या मॉडेलचा, उपयोग इथे होतो.

मॉडेल उभे करण्यापूर्वी त्याला विचारायचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. तिवराचे बी चिखलात रुजण्यासाठी काही दिवस सलग पाण्याविना मिळावे लागतात, त्यामुळे ‘खाडीचा बुजलेला फाटा मोकळा केल्यास भांगाच्या (सर्वांत कमी भरतीच्या) दिवसांत या पट्ट्याला सलग किती काळ पाणी लागणार नाही?’ हा प्रश्न ‘प्रकल्प यशस्वी होईल का?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

सर्वाधिक वेळ जमिनीच्या उंचीवर खर्च करावा. जगभराच्या सागरतळाचा गेब्को हा नकाशा मोफत मिळतो, पण त्यातील एक चौकट सुमारे ४५० मीटरची असल्याने अरुंद फाटे त्यात दिसतच नाहीत. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या चित्रांवर वेगवेगळ्या भरतीच्या वेळची पाण्याची कड आखून, तिला त्या क्षणाची पाण्याची पातळी जोडली, की उंचीच्या रेषा मिळतात. मात्र हा उपग्रह दर काही दिवसांनी, पण नेहमी एकाच सुमारास, सकाळी, वरून जातो आणि उधाणाची भरतीही एखाद्या ठिकाणी साधारण ठरलेल्या वेळीच येते. म्हणून सर्वांत उंच किंवा सर्वांत खालची कड चित्रांत कधीच न सापडण्याची शक्यता असते. तेवढा भाग प्रत्यक्ष मोजून घ्यावा, त्याला पर्याय नाही.

मॉडेलसाठी डेल्फ्ट-थ्रीडी किंवा टेलेमॅक ही मुक्त सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. मॉडेल ज्या चौकटींत पाण्याचा हिशेब करते त्यांची जाळी फाट्यांजवळ बारीक, आखातात मोठी ठेवावी. उधाण आणि भांग दोन्ही यावेत म्हणून किमान १५ दिवसांचा काळ घ्यावा आणि मॉडेल स्थिरावेपर्यंतचे सुरुवातीचे दिवस वगळावेत. तळाचे घर्षण एका पंधरवड्याच्या पाणीपातळीच्या नोंदींवरून ठरवावे व दुसऱ्या पंधरवड्यावर पडताळावे. भरतीची उंची जुळली तरी तिची वेळ चुकत असेल, तर समाधान मानू नये.

त्यानंतर एकाच भरतीवर तीन चाचण्या घ्याव्यात: काहीही न करता, केवळ रोपे लावून, आणि फाटा मोकळा करून. पहिली चाचणी अनेक अहवालांत घेतलेलीच नसते. मग किनारा आपोआप सावरत असला, तरी त्याचे श्रेय लागवडीला जाते. रोपांची उंची, जाडी व दाटी त्यांच्या वयाप्रमाणेच भरावी, कारण कोवळी रोपे पाण्याचा वेग फारसा अडवत नाहीत. गाळाचे आकडे नेहमीच कच्चे असल्याने ते कमी-जास्त करून पाहावेत; त्यात तिन्ही पर्यायांचा चांगल्या-वाईटाचा क्रम बदलत असेल, तर मॉडेलच्या आधारे निवड करू नये. क्रम टिकला, तर ज्या जागी तीन चाचण्यांच्या पाणीपातळीत सर्वाधिक अंतर दिसते, तिथेच पाण्याची पातळी नोंदवणारे उपकरण लावावे.