पहिली मोटारसायकल निवडताना

पहिली मोटारसायकल घेताना बहुतेक जण आधी इंजिन किती सीसीचे आहे हे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा आणि सीटच्या उंचीचा असायला हवा. नवशिक्याच्या हातून गाडी कलंडते ती अनेकदा भर वेगात नव्हे, तर चढावर थांबताना, अरुंद जागेत वळवताना किंवा उभी केलेली गाडी मागे घेताना.

म्हणून गाडीवर नुसते बसून समाधान मानू नये. रोज वापरायचे बूट घालून जावे, इंजिन बंद ठेवून गाडी साइड स्टँडवरून सरळ करावी, पायांनी रेटत थोडी मागे न्यावी, हँडल पूर्ण वळवावे आणि मग गाडी किंचित कलती करून एका पायावर तोलता येते का, हे पाहावे. दोन्ही टाचा टेकल्या तर उत्तमच, पण निदान चवडे तरी भक्कम टेकायला हवेत. सीटच्या उंचीचा आकडा येथे फसवतो, कारण सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढ्याच उंचीवर पाय अपुरे पडतात.

सीसीचा आकडाही असाच अर्धवट बोलतो. जुन्या धाटणीची 350 सीसीची एक सिलिंडरची गाडी जेमतेम 20 अश्वशक्तीची असू शकते, तर 200 सीसीची चपळ गाडी 25 अश्वशक्तीची. मात्र त्या 350 सीसीच्या गाडीचे वजन 190 किलोच्या पुढे जाते, आणि ती शांत चालत असली तरी तोल गेल्यावर सावरणे अवघड असते. रोजच्या वापरासाठी 125 ते 250 सीसीची, 150 किलोच्या आसपासची गाडी शिकायला मला सर्वांत योग्य वाटते. 600 सीसीची चार सिलिंडरांची स्पोर्ट्स गाडी मात्र पहिली म्हणून घेऊच नये. 100 अश्वशक्तीच्या घरातील त्या इंजिनावर, खड्ड्यात मनगट नकळत पिळले गेले तरी गाडी हातातून निसटू शकते.

दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी मिळत असेल तर रंग किंवा इतर सोयींवर पाणी सोडावे, पण ती घ्यावी, कारण घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी चाके जाम होत नाहीत. हेल्मेट, हातमोजे, जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट यांचे पैसेही आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत गाडी शोधावी.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. शिकताना ती एखाद-दुसऱ्यांदा पडणारच. लिव्हरची टोके आणि फुटरेस्ट घासलेले आहेत का, पुढच्या फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर, तेल ओघळले आहे का, हे पाहावे. मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावरची, चेन चिमटीत धरून मागे ओढावी. ती दात सोडून बरीच वर येत असेल, तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करावा. हे सारे पाहण्याआधी मात्र इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड आहे याची खात्री करावी, कारण थंड इंजिन सुरू होताना किती कुरकुरते यावरून पुष्कळ कळते. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे.