फँटसी प्रीमियर लीगचा हंगाम डोके ठिकाणावर ठेवून कसा खेळावा

फँटसी प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंचा संघ निवडून त्यांच्या खेळावर गुण मिळवण्याच्या ऑनलाइन खेळाने, ज्याचा शनिवार-रविवार गिळला आहे, त्याला घरचे आणि मित्र एकच उपाय सांगतात: ॲप काढून टाक. मी ते अनेकदा काढले आहे आणि दर वेळी सोमवार उजाडण्याच्या आत परत घेतले आहे, कारण संघ फोनमध्ये नसतो, तो संकेतस्थळावर असतो. शिवाय ऑफिसच्या मिनी लीगमधला, म्हणजे ओळखीच्यांच्या छोट्या स्पर्धेतला, कुणी ना कुणी डबा खाताना आपला क्रमांक आपल्याला ऐकवतोच. दुसरा सल्ला ‘नुसती मजा म्हणून खेळ’ हा. तो देणाऱ्याने स्वतः कधी चुकीच्या खेळाडूला कॅप्टन, म्हणजे दुप्पट गुणांचा मानकरी, केलेले नसते. पुढे लिहिले आहे ते खेळ सोडण्याविषयी नसून त्याला आठवड्यातली एक ठरावीक जागा नेमून देण्याविषयी आहे. पंधरा खेळाडू, शंभर मिलियनचे बजेट, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन आणि अडतीस गेमवीक, म्हणजे सामन्यांच्या फेऱ्या, हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

संघ आणि लीग

संघ एका संध्याकाळी निवडावा आणि संघ बदलण्याच्या पहिल्या डेडलाइनपर्यंत पुन्हा उघडू नये.

मिनी लीग एकच ठेवावी, आणि तीही अशा लोकांची, ज्यांच्याशी आपण फुटबॉल सोडून इतरही काही बोलतो. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, जुन्या ऑफिसचा ग्रुप अशा पाच-पाच लीगमध्ये नाव घातले की दर रविवारी पाच ठिकाणी हरण्याची सोय होते. जगभरातल्या एकूण क्रमवारीकडे तर पाहूच नये. तिथे एक कोटीहून अधिक संघ आहेत आणि क्रमांक वर गेल्याचा हिरवा बाण आला काय, घसरल्याचा लाल बाण आला काय, त्यावरून आपल्या अकलेविषयी काहीही सिद्ध होत नाही. यावर हमखास कुणीतरी मॅग्नस कार्लसनचे उदाहरण देतो. बुद्धिबळाचा हा तेव्हाचा विश्वविजेता डिसेंबर 2019 मध्ये या क्रमवारीत पहिला आला होता हे खरे आहे. पण तिथे तो टिकला नाही, हेही तितकेच खरे आहे.

वेळापत्रक

गेमवीकमधल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी डेडलाइन संपते. इंग्लंडमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी 5 वाजता सुरू होतो, म्हणजे डेडलाइन दुपारी 3.30 ची. हिवाळ्यात तीच 4.30 होते. पहिला सामना शुक्रवारी रात्री असेल तर डेडलाइन रात्री 11 किंवा 12 वाजता येते. इंग्लंडमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, आणि यातला मार्चचा बदल आपल्याला फसवतो. एका वर्षी मार्चअखेरची कामे उरकून मी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पावणेचारला चहा घेऊन निवांत बसलो, तर दार पंधरा मिनिटांपूर्वीच बंद झालेले. माझा कॅप्टन जखमी होता. तो मैदानात उतरलाच नाही, दुप्पट गुण आपोआप व्हाइस कॅप्टनला मिळाले, बेंचवरचा, म्हणजे राखीव, एक बचावपटू आपोआप आत आला, आणि तो आठवडा माझ्या हंगामातल्या बऱ्या आठवड्यांपैकी एक ठरला. डेडलाइन चुकली तर मागचाच संघ पुढे चालू राहतो, एवढे लक्षात ठेवले तरी लग्नाच्या पंगतीत टेबलाखाली फोन धरून बसण्याची वेळ येत नाही.

बदली: इथेच सगळे बिघडते

मला पुष्कळ हंगाम वाटत होते की माझा वेळ सामने पाहण्यात जातो. तसे नव्हते. सामना दोन तासांत संपतो. वेळ जातो तो सामना संपल्यानंतर, जेव्हा ट्रान्स्फरचे, म्हणजे खेळाडू बदलण्याचे, पान उघडे असते, पुढची डेडलाइन पाच-सहा दिवसांवर असते आणि आत्ता या क्षणी काहीतरी करून झालेली चूक दुरुस्त करता येईल असे मनापासून वाटत असते. फुटबॉलवर आपला काडीचाही ताबा नाही. ताबा आहे तो फक्त त्या बटणावर, आणि म्हणून बोट तिकडेच जाते.

ऑगस्ट 2022 ची गोष्ट सांगतो. अर्लिंग हालांड मँचेस्टर सिटीत नुकताच आला होता. 13 ऑगस्टला घरच्या मैदानावर बोर्नमथशी सामना होता आणि मी त्याला कॅप्टन केले होते. सिटीने चार गोल केले, त्यात हालांडचा एकही नव्हता. एका असिस्टवर, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेल्या पासवर, भागवावे लागले. त्याच वेळी आर्सेनलच्या गॅब्रिएल जेझूसने लेस्टरविरुद्ध दोन गोल केले आणि मिनी लीगमधल्या निम्म्या लोकांचा कॅप्टन तोच होता. त्या रात्री साडेअकराला मी हालांडला विकले. त्याचे पैसे मोकळे झाले म्हणून आणखी दोन जागा ‘सुधारल्या’. तीन बदल्यांपैकी एक मोफत होती, उरलेल्या दोनांचे प्रत्येकी चार गुण कापून वजा आठ. त्यानंतर मला अतिशय शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलमध्ये त्याने एक गोल केला. 27 तारखेला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध सिटी दोन गोलांनी मागे असताना उत्तरार्धात त्याने हॅट्ट्रिक केली. तरीही मी वजा आठचे समर्थन करत होतो. 31 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरती, प्रसाद, पाहुणे सगळे आटोपल्यावर रात्री बाराला नॉटिंगहॅम फॉरेस्टशी सामना सुरू झाला आणि मी मखरासमोर सतरंजीवर आवाज बंद करून फोन घेऊन बसलो. समईत तेल घालायचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे जागे राहायला सबबही होती. मध्यंतरापूर्वीच हालांडने तीन गोल केले. आई पाणी प्यायला उठली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “काय रे, कुणाचं काही झालं का?” मी नाही म्हणालो. “मग तोंड असं का?” यावर मला देवासमोर सांगण्यासारखे उत्तर सुचले नाही. समई तोवर विझत आली होती. पुढच्या डेडलाइनला हालांडला परत आणण्यासाठी आणखी वजा चार भरले, आणि त्याची किंमतही मधल्या काळात वाढलेली होती.

तेव्हापासून एक पद्धत पाळतो. ती कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच चालते. एक साधी वही घ्यावी, फोनमधले नोट्सचे ॲप नव्हे, कारण तो फोन हातात घेण्याचा आणखी एक बहाणा होतो. सामने चालू असताना किंवा संपल्यावर जो विचार येईल तो वहीत लिहावा: कोणाला काढायचे, कोणाला घ्यायचे, आणि कारण. लिहायला कितीही मुभा आहे. बदली करायला डेडलाइनच्या दिवसापर्यंत अजिबात नाही. त्या दिवशी वही उघडून आधी प्रत्येक ओळीतले कारण वाचावे. ‘आज पेनल्टी चुकवली’, ‘सत्तर मिनिटांत बाहेर काढला’, ‘माझ्याकडे नसताना दोन गोल केले’ अशी झाल्या सामन्याची रड असेल तर ती ओळ तिथेच खोडावी. ‘पुढच्या चारपैकी तीन सामने घरच्या मैदानावर’, ‘पेनल्टी आता हा घेतो’, ‘दुखापतीमुळे महिनाभर बाहेर’ अशी पुढची गोष्ट सांगणारी कारणे ठेवावीत. माझ्या वहीत रविवारी रात्री लिहिलेल्या ओळींपैकी शनिवारपर्यंत क्वचितच एखादी टिकते. उरलेल्यांतून एक बदली करावी, कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन नेमावेत, बेंचचा क्रम पाहावा आणि पान बंद करावे. या सगळ्याला वीस मिनिटे पुरतात. तासभर लागत असेल तर दोन सारख्याच खेळाडूंमध्ये निवड चालू आहे असे समजून नाणे उडवावे.

थांबण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो तो किमतीचा: खेळाडू रात्रीत महाग होतो, म्हणून लवकर घ्या. हा सल्ला मी मनस्वी तिरस्काराने वाचतो. खेळाडू 0.1 ने महाग झाला तर तो विकताना आपल्याला त्यातले काहीच मिळत नाही, 0.2 ने महाग झाला तर 0.1 मिळतात, कारण वाढीचा अर्धाच भाग आपला. या चिल्लरीसाठी रविवारी घेतलेला खेळाडू मंगळवारी किंवा बुधवारी चॅम्पियन्स लीगमध्ये मांडी धरून खाली बसू शकतो, आणि एकदा पक्की केलेली बदली मागे घेता येत नाही. व्यवस्थापकांच्या पत्रकार परिषदा आठवड्याच्या शेवटी होतात. त्याआधी बदली करणारा माणूस मुद्दाम अर्धी माहिती घेऊन खरेदीला जातो.

वजा चारचा हिशेबही एकदा शांतपणे करून ठेवावा. साठ मिनिटे खेळण्याचे दोन गुण, मिडफिल्डरच्या गोलाचे पाच, असिस्टचे तीन. नव्या खेळाडूने जुन्यापेक्षा चार गुण जास्त मिळवले तर आपण जिथे होतो तिथेच राहतो. म्हणजे त्याने जवळपास एक गोल आपल्यासाठी फुकट मारायचा आहे. न वापरलेली मोफत बदली वाया जाईल ही भीती तर आता उरलेलीच नाही: पूर्वी दोनच साठवता येत, 2024-25 च्या हंगामापासून पाच साठवता येतात. काहीच न करण्याचा आठवडा हा हातात एक बदली शिल्लक टाकणारा आठवडा आहे. मला हे पटायला फार वेळ लागला, कारण काही न करता शनिवारची दुपार काढणे हे सुरुवातीला सिगारेट सोडल्यासारखे वाटते.

वाइल्डकार्ड या पद्धतीचा शत्रू आहे. ते चालू केले की डेडलाइनपर्यंत हव्या तितक्या बदल्या फुकट होतात आणि शहाणा माणूस सलग चार रात्री पंधरा नावे उलटसुलट करत बसतो. म्हणून ते डेडलाइनच्या दिवशीच चालू करावे आणि वहीतला संघ एकदाच भरावा. किमतीचे थोडे नुकसान होते, ते सोसावे. वाइल्डकार्डसारख्या बाकीच्या चिप्सबद्दल, म्हणजे खास सवलतींबद्दल, एवढेच की 2025-26 पासून प्रत्येक चिप हंगामाच्या दोन्ही अर्ध्यांत एकेकदा मिळते, आणि पहिल्या अर्ध्यातली जपून ठेवली तर ती वाया जाते.

सामने चालू असताना

सूचना बंद कराव्यात. एक सामना पूर्ण पाहावा, बाकीच्यांचे गुण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे बोनसचे तीन, दोन, एक गुण सामना संपेपर्यंत इकडून तिकडे जात राहतात, त्यामुळे चालू सामन्यात ते पाहणे म्हणजे उकळत्या दुधावरची साय मोजणे. सोमवारचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर 12.30 किंवा 1.30 वाजता सुरू होतो. त्यात आपला एकच बचावपटू असेल तर झोपावे. आणि ज्या क्लबवर आपला जीव आहे, त्याच्यावर गोल झाला असताना तो मारणारा आपल्या संघात आहे म्हणून क्षणभर बरे वाटले, तर पुढच्या आठवड्यात त्या खेळाडूला काढावे. वहीतल्या नियमाला मी केलेला हा एकमेव अपवाद आहे.

पैसे लावून खेळू नये. अधिकृत खेळ फुकट आहे, आणि आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला आहे. ऑफिसातली पैज वडापाववर ठेवावी.

शेवटचा रविवार

मे महिन्यातल्या अडतिसाव्या गेमवीकमध्ये दहाही सामने एकाच वेळी, आपल्याकडे बहुधा रात्री 8.30 ला सुरू होतात, म्हणजे डेडलाइन संध्याकाळी 7 ची. या आठवड्यात वजा चार, वजा आठ, काय हवे ते करावे. साठवायला पुढे काही उरलेले नसते. जेवण आधी उरकून घ्यावे. मी त्या रात्री दहाही सामन्यांचे आकडे एकदम उघडतो आणि साडेदहापर्यंत कुणाशी बोलत नाही. घरी हे ऑगस्टमध्येच सांगून ठेवलेले असते, आणि आई तेवढ्या वेळात वरच्या मजल्यावर जाऊन येते.