माळा रिकामा करायचाय, पण काहीच टाकवत नाही? असं करा

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. सोसायटीच्या सभा होतात, करार होतो आणि घर रिकामं करायची तारीख हातात पडते. मग माळ्यावर, दिवाणात, पलंगाखाली वर्षानुवर्षं काय काय साठलंय ते पहिल्यांदा नीट दिसतं. भाड्याच्या घरात एवढं मावणार नाही हे कळत असतं, पण वस्तू हातात घेतली की "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून ती परत जागेवर जाते.

ही सवय आळसातून आलेली नाही. १९७२च्या दुष्काळात सुकडी आणि मिलोवर (परदेशी लाल ज्वारीवर) दिवस काढलेली, नंतर ठाण्यात येऊन एका खोलीत संसार उभा केलेली माणसं दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवत. त्या काळात ते शहाणपणच होतं आणि मुलांनीही ते पाहून उचललं. आज अडचण आहे ती निर्णय घेण्याची. प्रत्येक वस्तू 'माझं काय करणार?' असं विचारते आणि तासाभरात माणूस थकतो. म्हणून "या रविवारी सगळं घर आवरू" हा बेत हमखास फसतो. निर्णय छोटे ठेवा आणि ते ज्याची वस्तू आहे त्यालाच घेऊ द्या. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून

माळ्याला आधी हात लावू नका. फोटो, पत्रं, बाळाची झबली यांना तर नाहीच. ज्यात जीव अडकलेला नाही अशी लहान जागा घ्या. औषधांचा डबा उत्तम, कारण तिथे तारीखच निर्णय देते. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा, अगदी हुरूप आला असला तरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची इच्छा राहणं जास्त मोलाचं आहे.

त्यानंतर वाटा मोकळ्या करा: मुख्य दार, गॅस, विजेचा बोर्ड, रात्री बाथरूमला जायची वाट. जिन्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवलेलं सामान आधी हलवा, कारण आग लागली तर सगळ्या मजल्यांची सुटका तिथूनच होते. गच्चीवरच्या रिकाम्या कुंड्या, टायर, फुटक्या बादल्या पावसाळ्याआधी काढायलाच हव्यात. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो.

वस्तू हातात घेतल्यावर

चार जागा करा: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं आणि 'ठरत नाही'. चौथ्यासाठी एकच खोका, त्यावर आजची तारीख. भरला की चिकटपट्टीने बंद करा आणि सहा महिन्यांनी उघडा. दरम्यान त्यातलं काही शोधावं लागलं नसेल, तर निर्णय सोपा जातो.

'लागेल कधीतरी' वाटलं की स्वतःला विचारा: गेल्या पावसाळ्यापासून हिला हात लागला का? अशीच दुसरी घरात आहे का? उद्या खरंच लागली तर खाली गोखले रोडवर किती रुपयांत मिळेल? बहुतेक वस्तू तिसऱ्या प्रश्नाला सुटतात.

स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली पिशव्यांची पिशवी घ्या. ती जमिनीवर ओता. साड्यांच्या दुकानाची नाडीवाली, लग्नाच्या आहेराची, बंद सुटलेली, कडक होऊन हातात चुरा होणारी. मजबूत तेवढ्या कापडी पिशव्या निवडा आणि एकाच पिशवीत मावतील इतक्याच ठेवा. श्रीखंडाच्या डब्यांनाही हाच नियम: झाकण नाही तो गेला, उरलेले एका फळीवर मावतील तेवढे.

कागद सावकाश पाहा

इथे घाई महागात पडते. गठ्ठा तसाच रद्दीवाल्याला देऊ नका, एकेक कागद उलटा. घराचा करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मुद्रांक शुल्काच्या पावत्या आणि सोसायटीचं भागप्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. पुनर्विकासात ते लागणारच. मालमत्ता कराच्या आणि देखभाल खर्चाच्या पावत्याही हाताशी असू द्या.

जुनं पासबुक किंवा मुदत ठेवीची पावती सापडली तर टाकू नका. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. अशी ठेव कुठे आहे ते रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येतं. कागदी शेअर सर्टिफिकेटही बाजूला काढा. ते आता डिमॅट, म्हणजे संगणकीय रूपात, केल्याशिवाय विकता येत नाही.

साड्यांच्या घड्या आणि पोथ्यांची पानंही चाळा. अनेक बायकांनी अडीअडचणीसाठी तिथेच नोटा ठेवलेल्या असतात. नोटाबंदीतल्या पाचशे-हजारच्या जुन्या नोटा आता बदलून मिळत नाहीत, आणि २०१७च्या कायद्यानुसार दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा आहे. दोन हजारची नोट मिळाली, तर रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर कार्यालयात चौकशी करा.

रद्दीत देण्यापूर्वी आधार, पॅन आणि खातेक्रमांक असलेल्या झेरॉक्स फाडा. दिवाळी अंक आणि पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील, तर आधी विचारून घ्या. १८९३पासून चालत आलेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय असो की गल्लीतलं छोटं वाचनालय, जागेची टंचाई सगळीकडे आहे.

ज्यात जीव अडकलाय ते शेवटी

आईच्या साड्या, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ. यांतलं सगळं टाकायला कोणी सांगत नाही. दहा साड्यांतल्या दोन नेसायला ठेवा, मऊ सुती असतील त्यांची गोधडी शिवून घ्या, बाकीच्या नेसणाऱ्या बाईला द्या. गल्लीत बोहारीण येत असेल तर कपडे जरूर द्या, मात्र बदल्यात आणखी एक पातेलं घरात घेऊ नका.

मुलांना आणि सुनांना कळकळीने सांगते: मोठी माणसं गावाला गेलेली पाहून माळा साफ करू नका. त्यानंतर विश्वास उडतो, मग वस्तू लपवल्या जातात, कचऱ्याची बादली तपासली जाते. त्यापेक्षा शेजारी बसा. "आई, हा डबा कुठून आणला होता?" असं विचारा. गोष्ट सांगून झाली की पुष्कळदा त्याच म्हणतात, "दे गं ते आता कोणाला तरी."

मात्र पलंगावर झोपता येत नाही, ओट्यापर्यंत पोचता येत नाही, एक कागद टाकायचा म्हटलं तरी छातीत धडधडतं, अशी वेळ आली असेल तर ते आवरण्याच्या युक्त्यांनी सुटत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये वस्तू साठवत राहण्याच्या या अवस्थेची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. सुरुवात बऱ्याचदा किशोरवयात होते आणि वयाबरोबर तो वाढतो. विचार आणि वागणं हळूहळू बदलणाऱ्या समुपदेशनाचा त्यावर उपयोग होतो. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत कधीही बोलता येतं, मराठीतही.

आणि निघालेलं सामान घरात मुक्कामाला ठेवू नका. दाराशी ठेवलेली पिशवी दोन दिवसांत उघडली जाते. जुने चार्जर, रिमोट, बंद मोबाइल सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याला द्या. रद्दीवाल्याला शनिवारी सकाळी यायला आधी सांगून ठेवा, आणि मगच शुक्रवारी माळ्याला शिडी लावा.