टॅलीला वेबसाइट जोडण्याआधी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीची हळद वेबसाइटवरून विकायची आणि ऑर्डर थेट टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरवायची असेल, तर कोड राहू द्या बाजूला, आधी दिवाणजींशेजारी खुर्ची ओढून बसा. वेबसाइटवर ‘राजापुरी हळद पावडर 500 ग्रॅम’ आणि टॅलीत ‘हळद पा. राजा. अर्धा’ असं असेल, तर असला आयटमच नाही म्हणून टॅली ऑर्डर घेत नाही. एकेक नाव, एकक किलो की नग, कुठलं लेजर (म्हणजे टॅलीतलं खातं), सगळं समोरासमोर तक्त्यात मांडा. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे निम्मे फोन इथंच वाचतात. दिवाणजींना मात्र नावं बदलायला लावू नका. ते ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

कराचं तिथंच विचारून घ्या. हळद पावडरीवर 5 टक्के जीएसटी; पुण्याला पार्सल गेलं तर केंद्राचे आणि राज्याचे अडीच-अडीच, बेळगावला म्हणजे कर्नाटकात गेलं तर पूर्ण आयजीएसटी, परराज्यातल्या विक्रीचा. म्हणजे लेजर वेगळी.

मग टॅलीचा कॉम्प्युटर बघा. टॅली साधारण 9000 पोर्टवर (कॉम्प्युटरच्या त्या नंबरच्या दारातून) एक्सएमएल या साच्यातली माहिती घेते, पण ती चालू असेल तरच. पेढी रात्री बंद, आणि ऑर्डरी येतात रात्रीच! म्हणून त्या सर्व्हरवर रांगेत थांबू द्या. सकाळी पेढीतल्या कॉम्प्युटरवरचा छोटा प्रोग्रॅम त्या ओढून घेईल. राउटरमधून ते पोर्ट बाहेर उघडं करायचा सल्ला कुणी दिला, तर चहा पाजून वाटेला लावा.

पेमेंटला रेझरपेसारखं गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) असेल तर रक्कम पैशांत जाते: 500 रुपये म्हणजे 50000. ‘धन्यवाद’चं पान उघडलं म्हणजे पैसे आले असं धरू नका, गिऱ्हाईक मधेच ब्राउझर बंद करतं. वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा गेटवेकडून सर्व्हरला येणारा निरोप, येऊ द्या, तो खरंच गेटवेचाच आहे हे त्याच्या सिग्नेचरवरून तपासा, आणि तोच वेबहुक दोनदा आला तरी बिल एकच फाटेल अशी सोय करा.

चाचणी खऱ्या कंपनीच्या डेटावर नको, बॅकअपवरून वेगळी कंपनी उभी करा. टॅलीच्या लायसन्स नसलेल्या एज्युकेशनल मोडमध्ये महिन्यातल्या मोजक्याच तारखांची एन्ट्री होते, तेव्हा ‘तारीख चालत नाही’ म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नका. ऑर्डर रद्द झाली तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम परत वळती करणारा कागद) कोण काढणार आणि अडकलेल्या ऑर्डरीचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर जाणार, हे मालकांकडून आधीच लिहून घ्या.