हवेच्या झोताने डोळ्याचा दाब मोजताना

पुण्यात एखाद्या सोसायटीच्या सभागृहात नेत्रतपासणी शिबिर भरले की हवेचा झोत सोडून डोळ्याचा दाब मोजणारे यंत्र, ज्याला सगळे 'एनसीटी' म्हणतात, तिथे बहुधा असतेच. हा झोत डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, क्षणभर सपाट करतो आणि त्यासाठी लागलेल्या जोरावरून दाबाचा आकडा मिळतो. डोळ्याला काहीही टेकत नसल्यामुळे बधिर करणारे थेंब घालावे लागत नाहीत.

सुरुवातीला हनुवटी व कपाळ टेकवण्याच्या जागा पुसून घ्याव्यात, तपासणीला आलेल्याची कॉन्टॅक्ट लेन्स काढायला सांगावी आणि अलीकडे डोळ्याची शस्त्रक्रिया, इजा किंवा जंतुसंसर्ग झाला आहे का, हे विचारावे. तसे असल्यास इथे तपासणी न करता नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. शर्टाची घट्ट कॉलर सैल करायला सांगावी, कारण मानेवरील आवळामुळे आणि श्वास रोखून धरल्यामुळेही दाब वाढलेला दिसतो.

झोताची भीती हे चुकीच्या आकड्याचे मोठे कारण आहे. कोथरूडच्या एका शिबिरात एका आजींनी पहिल्या फटक्यालाच डोळे गच्च मिटले आणि आकडा २६ आला. मी त्यांच्या तळहातावर एकदा झोत सोडून दाखवला, "आजी, फुंकर मारल्यासारखं वाटेल, एवढंच," असे सांगितले, दोन मिनिटे बसू दिले. नंतरचे तिन्ही आकडे १७-१८ च्या घरात होते. पापणी उचलून धरावी लागली तर बोट भुवईखालच्या हाडावर टेकवावे. बुबुळावर भार पडला की आकडा लगेच फुगतो.

झोत काही मिलिसेकंदांचाच असतो आणि नाडीच्या ठोक्याबरोबर डोळ्यातला दाबही हलत असतो, त्यामुळे प्रत्येक डोळ्याचे किमान तीन आकडे घेऊन सरासरी काढावी. त्यांतला एखादा फारच वेगळा असेल तर तो सोडून पुन्हा मोजावे. वेळही अवश्य लिहावी, कारण दाब दिवसभर बदलत राहतो आणि बऱ्याच जणांचा सकाळी जास्त असतो.

साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा दाब सामान्य धरला जातो. पण पारपटल जाड असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि पातळ असेल तर कमी, म्हणून पारपटल पातळ करणारी, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया झाली आहे का, हे न विसरता विचारावे. फेरमोजणीतही २१ च्या वर राहिलेल्याला गोल्डमन पद्धतीच्या, म्हणजे डोळा बधिर करून पारपटलाला उपकरण टेकवून दाब मोजण्याच्या, तपासणीसाठी पाठवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सामान्य दाब असतानाही काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस खराब होऊन नजर कमी होण्याचा आजार, होऊ शकतो. तेव्हा "दाब नॉर्मल आहे, काळजी नको," असे कोणालाही सांगू नये. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असलेल्याच्या चिठ्ठीवर, आकडा १५ असला तरी, "डोळ्याची नस तपासून घ्यावी" असे स्पष्ट अक्षरात लिहून द्यावे.