मोरी किती इंची टाकायची? आधी वरचं पाणी मोजा

रोहिणी लागल्या की शिवारात बांधबंदिस्तीची गडबड सुरू होते. बांधातली मोरी, म्हणजे वरचं पाणी पलीकडे काढून देणारा पाईप, कोणता टाकायचा, हे मात्र दुकानात काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. बारा इंची मिळाला, बारा इंची टाकला. एखाद्या वळवात बांध फुटला की दोष जेसीबीवाल्याला!

मोरीपर्यंत वरचं किती रान वाहून येतं ते आधी फिरून बघा. नुसता आपला सर्व्हे नंबर धरू नका. शेजाऱ्याचं रान, माळ, गाडीवाटही धरा. वरचा उतार चंदगड तालुक्यात आणि भात बेळगाव तालुक्यात असेल, तर पाणी चेकपोस्टला थांबत नाही.

मग पावसाचा जोर. दिवसभराचे मिलिमीटर इथे कामाचे नाहीत. सर्वांत लांबच्या टोकाचं पाणी मोरीपर्यंत यायला जितका वेळ लागतो, तेवढ्या वेळातली सर धरायची. पाण्याची वाट 400 मीटर आणि उतरण 8 मीटर असेल तर हा वेळ साधारण 9 मिनिटं. म्हणून जास्त पावसाच्या खानापूरच्या झडीइतकीच कमी पावसाच्या अथणीकडच्या वळवाच्या दहा मिनिटांची धास्ती घ्यावी.

तिसरी गोष्ट जमीन. थोड्या उताराच्या नांगरलेल्या काळ्या चिकण जमिनीला गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) 0.6, पोयट्याच्या जमिनीला 0.5, गवताळ पोयट्याला 0.3. श्रावणात जमीन भिजून तुडुंब झालेली असते. तेव्हा आकडा चढाच धरा.

हिशोब असा: गुणांक × तासाला मिलिमीटर × हेक्टर ÷ 360. वीस एकर म्हणजे 8 हेक्टर पोयटा, दहा मिनिटांत 15 मिलिमीटर, म्हणजे तासाला 90. 0.5 × 90 × 8 ÷ 360 = 1 घनमीटर. सेकंदाला हजार लिटर! भरून वाहणारा बारा इंची पाईप, पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला तरी, जेमतेम 140 लिटर काढतो. इथे दोन फुटी दोन पाईप हवेत, किंवा तीन फुटी एक.

पाईपच्या तोंडाशी उसाचा पाला अडकला तर हा हिशोब पाण्यात, म्हणून बांधाला एका बाजूला दगडी पिचिंगचा (दगड बसवलेला) सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, ठेवाच. सोडलेलं पाणी खालच्या माणसाच्या तरव्यात (भाताच्या रोपवाटिकेत) जाणार नाही, हेही बघा.

पाणलोट, म्हणजे मोरीपर्यंत वाहून येणारं सगळं रान, 80 हेक्टरच्या वर असेल तर हे गणित वापरू नका. कर्नाटकात असाल तर होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेती खात्याच्या केंद्रात, विचारून जाणकार अभियंत्याकडून मोजणी करून घ्या.